पीएच.डी.ची मौखिकी आणि त्यानंतरची वर्षं: खानदेशातल्या संशोधकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत संशोधन करणाऱ्या कित्येकांच्या घरात याआधी कोणी पीएच.डी. केलेली नसते. प्रबंध जमा झाला की पुढे काय, हे विचारायला घरात माणूस नसतो आणि गाईडला प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारायचा संकोच वाटतो. मी अर्थशास्त्र शिकवते. माझा प्रबंध रावेर आणि यावल तालुक्यांतल्या केळी बागायतदारांच्या पीकविम्यावर होता. माझी व्हायवा, म्हणजे मौखिकी, होऊन काही वर्षं झाली. त्यानंतर बऱ्याच जणांच्या व्हायवाला मी मागच्या बाकावर बसले आहे. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या समजुतीप्रमाणे उत्तरं इथे लिहिते आहे. नियमांचा उल्लेख येतो तिथे तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे आहे. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक शेजारी ठेवूनच वाचा.

प्रबंध जमा केला. आता व्हायवापर्यंत नेमकं काय घडतं?

प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. ते तुमच्या विद्यापीठाच्या नोकरीत नसलेले आणि विषयातले जाणकार असावे लागतात. दोघांचे अहवाल अनुकूल आले की व्हायवाची तारीख ठरते. एकाने नापसंती कळवली तर प्रबंध मंजूर यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवतात आणि त्यांचा अहवाल अनुकूल आला तरच पुढचं पाऊल पडतं. व्हायवाच्या मंडळात मार्गदर्शक आणि दोन बाहेरच्या परीक्षकांपैकी किमान एक जण असतो. जमा केल्यापासून ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असं नियमावली म्हणते.

आता प्रत्यक्षातलं. माझा एक अहवाल चार महिने आला नव्हता. परीक्षक निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायला गेले होते आणि प्रबंधाचं पार्सल जुन्या पत्त्यावर पडून होतं. मी चौकशीला गेले नसते तर ते तिथेच राहिलं असतं. फाईल कुठे आहे हे विचारणं म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणं नव्हे. महिन्यातून एकदा, आवक क्रमांक लिहून, नम्रपणे आणि लेखी विचारा. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून जळगावला येणं-जाणं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून आधी ईमेल करा आणि त्याची प्रत गाईडना पाठवा.

अहवालात दुरुस्त्या सुचवल्या आहेत. म्हणजे काम कच्चं ठरलं का?

नाही. एकही दुरुस्ती न सुचवणारा अहवाल मी फार कमी पाहिला आहे, आणि तसा आला की मला उलट काळजी वाटते की प्रबंध पूर्ण वाचला गेला की नाही. अहवालातली प्रत्येक सूचना एका कागदावर क्रमाने उतरवा. समोर काय केलं आणि कोणत्या पानावर केलं ते लिहा. एखादी सूचना पटली नसेल तर का पटली नाही तेही लिहा. व्हायवाची सुरुवात बहुतेक वेळा याच कागदापासून होते.

तयारी कुठून सुरू करू?

स्वतःचा प्रबंध पहिल्यापासून वाचा. हे ऐकून मुलं नाराज होतात. त्यांना प्रश्नांची यादी हवी असते. पण जमा करून आठ-दहा महिने उलटलेले असतात आणि या काळात प्रबंध परक्यासारखा होऊन जातो. आपणच लिहिलेलं वाक्य परीक्षक वाचून दाखवतात आणि आपल्याला ते ओळखू येत नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिलं वाचन पेन्सिल हातात न घेता करा, एखादी कथा वाचावी तसं. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. प्रत्येक तक्त्याची बेरीज पुन्हा करा. प्रत्येक ठिकाणी विचारा: हे मी कशावरून म्हणते आहे?

माझ्या प्रबंधात तक्ता ४.३ होता, विमा न काढण्याची कारणं. व्हायवाला बारा दिवस राहिले असताना रात्री मी टक्केवारीची बेरीज केली, ती १३७ आली. मी हादरले. मूळ प्रश्नावल्यांचे गठ्ठे माळ्यावरून काढले, मोजत बसले, तेव्हा लक्षात आलं की आकडे बरोबरच होते. एका शेतकऱ्याला दोन-तीन कारणं सांगण्याची मुभा होती, पण तक्त्याखाली तशी ओळ टाकायची राहून गेली होती. गाईड, मी, टंकलेखन करणारे, कोणाच्याच नजरेला ते आलं नव्हतं. मी अर्ध्या पानाचं शुद्धिपत्र केलं. व्हायवाच्या दिवशी परीक्षकांनी प्रबंध उघडला तो नेमका त्याच पानावर, तिथे त्यांनी पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती. मी शुद्धिपत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि पुढच्या चिठ्ठीवर गेले.

वाचून झाल्यावर प्रत्येक प्रकरण पाच-सहा ओळींत, पुस्तकात न बघता, हाताने लिहून काढा. जे प्रकरण असं लिहिता येत नाही तेच तुमचं कच्चं प्रकरण.

हमखास येणारे प्रश्न कोणते?

हाच विषय का घेतला, नवीन काय सापडलं, हीच पद्धत का, नमुना कसा निवडला, कामाच्या मर्यादा कोणत्या, पुढे काय करता येईल. हे सहा येतातच. पण खरी पारख शीर्षकातल्या शब्दांवर होते, आणि आपल्याकडे बहुतेक शीर्षकांत ‘खानदेश’ हा शब्द असतो.

कोणता खानदेश, असं विचारलं तर काय सांगाल? फारुकी सुलतानांचा खानदेश, ज्याची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे? इंग्रजांचा एकसंध खानदेश जिल्हा, जो १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला? की आजचे तीन जिल्हे, ज्यांतला नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला? १९७१ चे ‘धुळे जिल्ह्याचे’ आकडे आणि २०११ चे ‘धुळे जिल्ह्याचे’ आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडले असतील, तर मधल्या काळात अख्खा नंदुरबार त्यातून निघून गेला आहे. हा प्रश्न एका मुलाला माझ्यासमोर विचारला गेला होता आणि त्याच्या पाचव्या प्रकरणातली निम्मी वाढ-घट या एका कारणाने डळमळली. भाषेच्या अभ्यासकांची अडचण निराळी आहे. अहिराणी मालेगाव, सटाणा, कळवणकडेही बोलली जाते, म्हणजे जिल्ह्याची हद्द आणि बोलीची हद्द एक नाही. शिवाय ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ल भाषांच्या सोबत ठेवलं होतं, त्याबद्दल तुमचं मत काय, हे विचारलं जाणारच. मत काहीही असो, ते तुमचं हवं आणि त्याला तुमच्या सामग्रीतला आधार हवा.

नमुन्याबद्दल प्रामाणिक राहा. रावेर-यावलच का, चोपडा का नाही, असं मला विचारलं. मी सांगितलं की केळीखालचं मोठं क्षेत्र हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे माझं माहेर फैजपूरजवळ, त्यामुळे मला एकटीला संध्याकाळी मळ्यावर जाऊन बोलता येत होतं. दिवसा शेतकरी भेटत नाही. गाईडना ते उत्तर थोडं घरगुती वाटलं असावं, परीक्षकांनी मात्र मान डोलावली. पोहोच हेही पद्धतीतलं कारण आहे, फक्त त्याचा परिणाम निष्कर्षांवर काय झाला हे सांगता आलं पाहिजे.

सातपुड्यात काम केलेल्यांना एक जादा प्रश्न: प्रश्नावली मराठीत छापली होती, मग पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्यांना ती कशी विचारली? दुभाषा कोण होता? आश्रमशाळेतला एखादा मुलगा मदतीला होता तर तेच लिहा आणि बोला. त्या मुलाने प्रश्न कसा फिरवून विचारला हे तुम्हाला आठवत असेल, तर त्यातूनच चांगली चर्चा होते.

परीक्षक आपल्या भागातले नसतील तर त्यांना इथलं काय कळणार?

त्यांना ते कळावं हेच तुमचं काम. माझ्या प्रबंधात ‘कांदेबाग’ शब्द शंभरदा आला होता. परीक्षकांनी विचारलं, हा कांद्याच्या शेतीचा विषय मध्येच कुठून आला? मी लिहिताना व्याख्या दिलीच नव्हती, कारण माझ्यासाठी तो घरातला शब्द होता. मग सांगितलं की जून-जुलैत लावलेली केळी ती मृगबाग आणि साधारण ऑक्टोबरच्या आसपास लावलेली ती कांदेबाग. दोन्ही बागांवर थंडी आणि उन्हाचा मारा वेगवेगळ्या वयात येतो, म्हणून विम्याचा धोकाही वेगळा. पुढची दहा मिनिटं त्यांनी केळीबद्दलच विचारलं आणि त्या दहा मिनिटांत माझी भीती गेली. त्या खोलीत या विषयावर सर्वांत जास्त पायपीट केलेली व्यक्ती मी होते. तुमच्या खोलीत ती तुम्ही असाल.

प्रबंधाच्या शेवटी स्थानिक शब्दांची यादी जोडा. खोडवा, कटती, बोर्डाचा भाव, महसूल मंडळ, जे असतील ते.

उत्तरच आलं नाही तर?

‘हे मी तपासलेलं नाही’ असं स्पष्ट सांगा आणि तपासायचं असतं तर कसं तपासलं असतं ते दोन वाक्यांत सांगा. वळसे घालू नका. परीक्षकांनी शेकडो उत्तरपत्रिका तपासलेल्या असतात, थाप त्यांना पहिल्या वाक्यात कळते. आणि एखादा प्रश्न तुमच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा असेल तर तसं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रश्न नीट ऐकू आला नाही किंवा समजला नाही तर पुन्हा विचारायची विनंती करा. अर्धा मिनिट शांत बसून विचार केला तर कोणी गुण कापत नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे आणि मराठीतही अहिराणी हेल येतो. लोक हसतील का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा, आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारला जातो. शिरपूरच्या एका मुलीने तो विचारताना दरवाजा लोटून घेतला होता.

जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्यात जन्मलेली, शाळेत न गेलेली बाई लेवा बोलीत बोलली आणि आज तिच्या नावाच्या विद्यापीठाच्या सही-शिक्क्याने आपल्या पदव्या निघतात. हेल हा उच्चारात असतो, विचारात नसतो. ‘ळ’ चा ‘य’ झाला म्हणून कोणाचा प्रबंध परत गेलेला मी ऐकलेला नाही. प्रबंध मराठीत असेल तर मराठीतच बोला. इंग्रजीत असेल तर पहिली पाच मिनिटं इंग्रजीत घोटून तयार ठेवा आणि अडलात तर ‘हे मी मराठीत सांगू का?’ असं विचारा. बहुतेक परीक्षक हो म्हणतात, कारण त्यांना उत्तर हवं असतं.

एक सराव जरूर करा. घरातल्या अशा माणसाला, ज्याने प्रबंध पाहिलेलाही नाही, संशोधन दोन मिनिटांत समजावून सांगा. मी माझ्या काकूला सांगितलं होतं: ‘विमा कंपनी आपल्या बागेत येऊन नुकसान बघत नाही. मंडळाच्या गावात हवामान मोजायचं यंत्र आहे, त्यात थंडी, ऊन, वारा किती नोंदला त्यावर पैसे ठरतात. यंत्रापासून बाग लांब असली तर काय होतं, ते मी शोधलं.’ काकू म्हणाली, मग त्याला एवढी वर्षं कशाला लागली? त्या प्रश्नाचं उत्तर तयार करताना माझी पहिली स्लाइड तयार झाली.

स्लाइड किती असाव्यात?

वीस मिनिटांसाठी पंधरा पुरतात. तक्ते वाचता येतील एवढे मोठे ठेवा. मराठी फाँट दुसऱ्या संगणकावर फुटतो, म्हणून पीडीएफ करूनच न्या आणि पेन ड्राइव्हवर दोन प्रती ठेवा.

व्हायवा ऑनलाइन होऊ शकते का?

हो, नियमावलीत तशी मुभा आहे. मे महिन्यात असेल तर वीज आणि पंखा दोन्हींचा विचार करा. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घरून देण्यापेक्षा महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात बसून द्या, आणि हातात मोबाइलचं दुसरं नेट तयार ठेवा.

परीक्षकांचं जेवण, शाल, भेटवस्तू, हे सगळं उमेदवाराने करायचं असतं का?

मला यावर स्पष्ट लिहायचं आहे. परीक्षकांचा प्रवासखर्च आणि मानधन ही विद्यापीठाची जबाबदारी आहे. उमेदवाराने पाकीट देणं चूक आहे, कोणी सुचवलं तरी चूक आहे. एका ठिकाणी तासिकेवर काम करणाऱ्या मुलाने बायकोची पोत गहाण ठेवून ‘दिवस साजरा’ केल्याचं मला नंतर कळलं, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. आपल्याकडे पाहुणचार रक्तात आहे. हिवाळ्यात कोणी आलं की कळण्याची भाकरी आणि भरीत समोर ठेवावंसं वाटतं. घरचा डबा सगळ्यांनी मिळून खाणं यात गैर काही नाही. पण हॉटेलातली पंगत आणि चांदीची वस्तू हे आपलेपणाचं नसून भीतीचं लक्षण आहे. गाईडनीच आधी ‘काही करायचं नाही’ असं सांगून टाकलं तर मुलांच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरतं. हे कोणी मार्गदर्शक वाचत असतील तर त्यांना ही विनंती.

आई-वडिलांना आणलं तर चालेल का?

व्हायवा खुली असते. संशोधन सल्लागार समिती, प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी यांना येता येतं असं नियम म्हणतो. घरच्यांसाठी आधी केंद्रप्रमुखांना विचारून घ्या, सहसा कोणी नको म्हणत नाही. त्यांना दाराजवळची खुर्ची द्या. माझे वडील तासभर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्याआधी तुम्ही स्वतः दुसऱ्यांच्या तीन-चार व्हायवा ऐकून या. त्याहून चांगला सराव नाही.

साहित्यचौर्य तपासणीत किती टक्के चालतं?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ती मुदत सहा महिन्यांहून जास्त नसते. ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात मोजत नाहीत. मराठी प्रबंधात सॉफ्टवेअरला फारसं काही सापडत नाही, म्हणून ‘दोन टक्के आलं’ या कागदावर निर्धास्त राहू नका. परीक्षकांना स्वतःचंच वाक्य तुमच्या पानावर भेटलं तर कोणतं प्रमाणपत्र कामी येणार?

व्हायवा झाली, टाळ्या वाजल्या. आता ‘डॉ.’ लावू का?

विद्यापीठाची अधिसूचना हातात येईपर्यंत थांबा. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवण्यासाठी द्यावी लागते. ती देताना दुरुस्त्या केलेलीच प्रत गेली ना, हे स्वतः उघडून पाहा, कारण पुढे तुमचं काम वाचणारा माणूस तिथेच येतो.

नेट-सेट नाही, पीएच.डी. आहे. सहायक प्राध्यापक होता येईल का?

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिली नाही, नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अट आहे. पीएच.डी.धारकांना मिळणाऱ्या सवलतीबद्दल प्रत्येक जाहिरातीतली ओळ नीट वाचा. माझा सल्ला मात्र एकच: सेट देऊन टाका. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, जळगावला केंद्र असतं. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षाआधीच दिलेली बरी, नंतर वेळ मिळत नाही.

फेलोशिप मिळते, पण वेळेवर नाही. कसं निभवायचं?

जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या सरकारी संस्थांच्या योजना आहेत. कोणतीही असो, हप्ता महिन्याच्या महिन्याला पडेल असं धरून घरभाडं ठरवू नका. उपस्थिती आणि प्रगती अहवालाचे कागद महिना संपायच्या आत गाईडच्या सहीसह तयार ठेवा. निम्मी दिरंगाई आपल्या बाजूच्या कागदांनी होते, ती तरी आपण टाळू शकतो. पहिला थकलेला हप्ता एकदम आला की त्यातले तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढा. लॅपटॉप नंतर घ्या.

लग्न, बाळंतपण आणि पीएच.डी. एकत्र जमेल का?

माझं जमलं, पण सासूबाईंनी हात दिला म्हणून. सगळ्यांना तो मिळत नाही, म्हणून नियम पाठ असावेत. संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. एरवीची कमाल मुदत सहा वर्षं आणि पुनर्नोंदणीने आणखी दोन. त्यावर महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला पुढे कोणी विचारत नाही.

तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. संशोधन कसं सुरू ठेवू?

सकाळी सातची बस, दोन महाविद्यालयं, आठवड्याच्या तासिका, जून-जुलैत नेमणुकीची वाट आणि उन्हाळ्यात पगार नाही. हे आयुष्य जगणाऱ्यांना ‘जिद्द ठेवा’ असं सांगून मी मोकळी होणार नाही. ही व्यवस्था अन्यायाची आहे आणि तुमच्या संशोधनाचा वेळ ती खाते, हे खरं आहे. त्यातून जे वाचवता येतं तेवढंच सांगते.

पहिल्या वर्षी नवा विषय घेऊ नका. प्रबंधातली दोन प्रकरणं दोन लेखांत उतरवा. लेख म्हणजे प्रकरणाचा सारांश नव्हे. एका प्रश्नाभोवती पुन्हा लिहावं लागतं, त्यासाठी सहा महिने धरा. आठवड्यातली एकच सकाळ ठरवा आणि ती घरच्यांना सांगून ठेवा. मी रविवारी पहाटे पाच ते आठ बसायचे. अखजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आणि श्रावणात कानबाईला सासरी गेले की तो रविवार सोडून द्यायचे, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

दुसरं, सोबत शोधा. अमळनेर, धुळे, शहादा, कुठेही असा, चार जण महिन्यातून एकदा एकमेकांचं लिखाण वाचून टीका करतील असं जमवा. चहा आणि शेव-मुरमुऱ्यांवर चालणाऱ्या आमच्या गटात माझ्या लेखाची जेवढी कठोर चिकित्सा झाली तेवढी नंतर कुठल्याच समीक्षकाने केली नाही.

आणि एक गोष्ट अनुभवाने सांगते. तासिकेवर असताना दुसऱ्यांचे पेपर, प्रकल्प, प्रबंध पैसे घेऊन लिहून देण्याचं काम चालून येतं. घर चालवायचं असतं, मोह होतो. घेऊ नका. ज्या हाताने ते लिहिलं जातं त्याच हाताने मग स्वतःचं काही लिहवत नाही.

लेख कुठे पाठवू? ‘तीन दिवसांत छापू’ असे मेसेज येतात.

तीन दिवसांत कोणीही लेख वाचून तपासत नाही. २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी. जमा करण्यासाठी लेख छापण्याची सक्तीही काढली आहे, आणि यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादीच, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केली. त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपली. त्याचे मागचे चार अंक वाचा. तुम्ही संदर्भ म्हणून वापरलेले लेख जिथे छापले गेले तिथेच आधी पाठवा. नकार आला तर त्यासोबतचे शेरे जपून ठेवा.

खानदेशात राहून संशोधन होतं का, की पुण्या-मुंबईला जावंच लागतं?

धुळ्यात वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आहेत. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ चं. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे उत्खननाने अभ्यासकांना ठाऊक झालं. चाळीसगावजवळच्या पाटणला तर भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख आहे. आठशे वर्षांपूर्वी इथे शिकायची सोय होती. साधनं इथे आहेत. महाग नियतकालिकं, प्रयोगशाळेतली यंत्रं आणि सतत भेटणारी समविषयी माणसं मात्र कमी आहेत, त्यासाठी बाहेर जावं, महिना-दोन महिने राहावं आणि परत यावं. विज्ञान शाखेच्या मुलांना हे जास्त लागू आहे. त्यांनी बाहेर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम) मिळत असेल तर घरच्या ओढीने सोडू नये.

ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या लोकांना काय द्यायचं?

मला हे कोणी विचारत नाही, पण विचारावं असं वाटतं. शेतकऱ्याने, आशाताईंनी, ऊसतोडीहून परतलेल्या मजुराने आपला तास दिलेला असतो. प्रबंध ग्रंथालयात जातो, त्यांच्यापर्यंत काहीच जात नाही. दोन पानांचा सोपा मराठी गोषवारा करा आणि नेऊन द्या.

मी माझा गोषवारा घेऊन रावेर तालुक्यातल्या एका गावी गेले. केळीचा बोर्डाचा भाव पडलेला होता, लोक वैतागलेले होते, तरी एका आबांनी चष्मा लावून दोन्ही पानं ओट्यावर बसून वाचली. मग दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं की त्या मंडळात तीन वर्षांत दोन वादळं झाली. ‘तीन झाली, बेटा,’ ते म्हणाले. ‘तिसरं रातच्याला आलं. नाल्याच्या या बाजूच्या बागा आडव्या झाल्या, त्या बाजूला पान हाललं नाही. यंत्र त्या बाजूला आहे.’ मी पर्समधून पेन काढलं, गोषवाऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नाला काढला, आणि कोणाकोणाच्या बागा या बाजूला होत्या ते त्यांना विचारत एकेक नाव लिहून घेतलं.